धोंडूला दिलेली गल

धोंडू चहाची बशीसुद्धा जमिनीचा उतार बघून खाली ठेवायचा. आधी उकिडवा बसायचा, एक डोळा बारीक करायचा, मग बशी. पोलादपूरच्या हॉटेलात लोक हसायचे. "हसा," तो म्हणायचा, "जमीन सरळ असती तं आपलं पानी सावित्रीत गेलं असतं काय?"

तो घाटाखालच्या कापडे गावचा. भाताची कामं उरकली की आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जायचा आणि साहेबांच्या क्लबात गोल्फच्या काठ्या उचलायचा. मी महाडचा, त्याच क्लबात हंगामापुरता कारकून. काठ्या उचलता उचलता धोंडू स्वतःच असा खेळू लागला, की साहेबांनी त्याला नवख्यांना शिकवायला आणि सोबत खेळायला पगारावर ठेवलं. मैदान रिकामं झालं की मीही त्याच्याकडून हौस भागवून घ्यायचो आणि शिव्या खायचो.

घरी त्याने खळ्याच्या मधोमध गल खणली होती. गोट्या खेळायला पोरं खणतात तीच गल. गोल्फच्या भोकालाही तो गलच म्हणायचा. सारवलेल्या खळ्यावर चेंडू नुसता पळायचा. त्याची बायको काशी वैतागून म्हणायची, "भाऊ, बघा ह्यांचं! खळ्याला भोक पाडलंय. झोडणीचं भात त्यात जातंय." धोंडू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

आम्हा हौशी लोकांचं आणि त्याचं वेगळेपण गलीजवळ आल्यावर कळायचं. लांबचा फटका आम्हीही कधीमधी बरा मारायचो. पण उतारावर आमचा चेंडू चुकला की हमखास गलीच्या खालच्या अंगाने जाणार, नाहीतर भिऊन अलीकडेच बसणार. धोंडूचाही चुकायचा, पण वरच्या अंगाने. "वरनं गेला तं गल त्याला बोलावू शकते, भाऊ," तो सांगायचा. "खालनं गेला, मंग हाक कुनाला मारनार?" शिवाय आमच्यात एक गोड सवय होती. समोरच्याचा चेंडू गलीच्या अगदी तोंडाशी आला, की "राहू दे, दिला" म्हणायचं. तो पडला असं धरायचं. त्यामुळे शेवटची वीत आमच्यापैकी कोणाच्याच हाताला कधी शिकायला मिळाली नाही. धोंडू पगारी माणूस. त्याला कोण कशाला देतंय!

त्या वर्षी क्लबाचा म्हातारा मार्कर, म्हणजे मुख्य शिकवणारा, घरी बसायचा होता. ती जागा बारमाही होती, राहायला खोली होती. अर्ध्या कमिटीला धोंडू हवा होता, अर्ध्यांना पुण्याचा कोणी. शेवटी ठरलं, की हौशी खेळाडूंतला सर्वांत तयार जो कप्तानसाहेब, त्याच्याशी धोंडूने खेळावं. जिंकला तर जागा त्याची. हरला तर मुंबईची गिरणी, कारण तिथे त्याच्या भावाने शब्द टाकूनच ठेवला होता. एक पावसाळा धोंडूने तिथे काढला होता आणि खोकत परत आला होता. काशी मला म्हणाली होती, "भाऊ, कायपन करा, पन ह्यांना कापसात पाठवू नका." मी काय करणार होतो? माझ्या हातात फक्त दुभाषेपणा होता.

सामना शेवटच्या गलीपर्यंत बरोबरीत गेला.  कप्तानाने आपला चेंडू गलीत टाकला. आता धोंडूने पुढच्याच फटक्यात चेंडू गलीत टाकला की तो एका फटक्याने जिंकला. चेंडू गलीपासून हातभर होता, जमीन डावीकडे कललेली. धोंडू उकिडवा बसला. वाऱ्याने टोप्या उडत होत्या, पण कोणी हात वर करीना.

तेवढ्यात कप्तान हसून म्हणाला, "दिला, धोंडू!"

माणूस मनाचा मोठा होता. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण धोंडू ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मी कच्चं लिंबू नाय, साहेब."

पोरांच्या खेळात लहानग्याला वाईट वाटू नये म्हणून घेतात, त्याचं बाद होणं धरत नाहीत, ते कच्चं लिंबू. हे इंग्रजीत कसं सांगावं मला सुचेना. सेक्रेटरी मला म्हणाला, त्याला सांग, नियमच आहे, दिलेला चेंडू पडला असंच धरतात, तो जिंकला. मी सांगितलं. दोनदा सांगितलं. "धोंडूदा, जिंकलास रे! काठी खाली ठेव."

"मंग टाकून दावतो," तो म्हणाला आणि त्याने मारला.

चेंडू गलीच्या काठावरून फिरला आणि बाहेर राहिला. खालच्या अंगाला.

 मग सेक्रेटरीने हात पुढे केला. निकाल आधीच लागला होता. धोंडूने हात घेतला नाही. "नियम तुमचा हाय. चेंडू भायेर हाय, तो बघा. पुना खेळू." कप्तान तयार होता, पण कमिटी अडून बसली: जिंकलास ते मान, नाहीतर जा. मी त्याला बाजूला ओढून काशीची शपथ घातली. त्याने काठी माझ्या हातात दिली आणि चालू लागला.

घाटभर मी त्याच्यावर चिडत उतरलो; कापड्याला तो घराकडे वळलाही नाही. पोलादपूरला महाडची मोटार उभी होती. पुढे दासगावहून मुंबईची बोट. तो आत बसला तेव्हा मला राहवलं नाही. "आयुष्यभर तुझा चेंडू खालून गेला नाही रे. आजच कसा गेला?"

त्याने एक डोळा बारीक करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"तुमी ‘जिंकलास’ म्हनलंत ना, भाऊ? तवर पोटासाठी खेळत होतो. तो एकच हौशीनं मारला."

मोटार सुटली. काशीला काय सांगायचं, हे ना त्याने सांगितलं, ना मला विचारायचं सुचलं.