ओल्या लॉनवरचे माझे पराक्रम

लग्नाच्या लॉन्सवर मॅनेजरकी केली की किस्से आपोआप साठतात. चहाला बसलो की मित्र म्हणतात, "सांग रे एखादा." ते हसतात, मीही हसतो. पण प्रत्येक किश्शात गाढव मीच असतो, याची आता लाज वाटायला लागलीय.

लॉन सावेडीत. माळी शांतवनमामा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. माझा नियम एकच: लग्नाच्या सकाळी आधी पाणी मारा, लगेच गवत कापायचं मशीन फिरवा, म्हणजे फोटोत गवत ताजं दिसतं. मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, वलं गवत कापू न्हाई. वाळू द्या, मंग फिरवतो."

मी म्हणालो, "मामा, मुहूर्त वाळायची वाट बघत नाही." केवढा खूश झालो होतो त्या वाक्यावर!

*

पहिल्याच लग्नात मशीन दर दहा पावलांवर चोंदलं. गवताचे ओले गोळे पडले आणि पाहुण्यांच्या चपलांना चिकटून थेट स्टेजवर गेले. शेवगावची वरमाय पैठणी झटकत होती. मी सावरायला म्हणालो, "काकू, हिरवा काठ शोभतोय."

"काठ जांभळा हुता," त्या म्हणाल्या.

*

पुढच्या वेळी भिजलेल्या मातीत मशीनची चाकं रुतली आणि लॉनभर चाकोऱ्या पडल्या. नवरदेवाच्या मामांचा पाय त्यात गेला आणि ते मठ्ठ्यासकट खाली बसले.

बसल्या बसल्याच म्हणाले, "लॉन म्हणून आलो, ही तर नांगरट हाय."

*

एकदा गोळे तीन दिवस तसेच राहिले. उचलले तर खाली पिवळे चट्टे. बुकिंगला आलेल्या वधूपित्याने विचारलं, "हे काय?"

"डिझाइन आहे," मी ठोकून दिलं.

"मग त्या बाजूला का नाही?"

मामा मागेच उभे होते. थाप माझी, पण मान त्यांनी खाली घातली.

*

शेवटी मालक आले. अर्धं लॉन पिवळं पडलेलं. त्यांनी विचारलं, "ओल्यात मशीन कोणी फिरवलं?"

मी मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिलो. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मीच फिरवलं, मालक." त्याच दिवशी मालकांनी त्यांना कायमचं घरी पाठवलं. तेव्हाही मी गप्प बसलो. नोकरी जाईल याची मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

*

यंदा एका मित्राच्या लग्नाला चर्चमध्ये गेलो. आवारातली हिरवळ गालिच्यासारखी. कडेला शांतवनमामा, आता तिथले माळी, बायकोबरोबर उभे. मी पाठ फिरवणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली आणि बायकोला म्हणाले, "हे आमचे लॉनवरचे साहेब. गवताचं समदं म्या ह्यांच्याकडंच शिकलो."

तिनं पदर सावरला आणि वाकून माझ्या पाया पडली.