पहिला घोट

यकृतातून रक्त वाहायला लागलं की ते आवरणं महाकठीण. पोटाला चार-पाच बारीक भोकं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करताना तर पटकन हात घालून दाबायचीही सोय नसते. म्हणून भूल देणारी मी पेशंटला मुद्दाम कोरडं ठेवते. यकृत कापून होईपर्यंत सलाईन अगदी थेंब थेंब. शिरा तुडुंब नसल्या की रक्तही कमी जातं. नोएडाच्या आमच्या हॉस्पिटलात या बाबतीत माझा दबदबा होता, आणि मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू?

ते काका दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आले होते. यकृतात गाठ होती. ऑपरेशनच्या सकाळी माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"अच्छा, म्हणजे तू आपल्याकडचीच! मग बाळ, एक घोट पाणी दे ना. घसा पार सुकलाय."

"आता नाही काका. शुद्धीवर आलात की पहिला घोट मी माझ्या हाताने देते. बिल्कुल नक्की."

"बघ हं, मी वाट बघेन," म्हणून ते हसले.

यकृताकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांभोवती सर्जननी फीत घालून आवळली. सिस्टरने घड्याळ लावलं. "सर, पंद्रह मिनट." फीत सैल. पाच मिनिटं यकृताला रक्त मिळू द्यायचं, की पुन्हा आवळायची. असं तीनदा झालं. मी मॉनिटरवरची नजर हलवली नाही. गाठ निघाली तेव्हा रक्त ओढून घेणाऱ्या बरणीचा जेमतेम तळ झाकला होता.

"कमाल है, यार!" सर्जन म्हणाले. मी वाहवा घेतली आणि पुढच्या केसला धावले. पाण्याचं साफ विसरले.

चौथ्या दिवशी सकाळी काका अचानक गेले. पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली. ज्या रक्ताचा थेंबही मी वाया जाऊ दिला नव्हता, त्यानेच त्यांना नेलं. मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा ते कळेना.

काकू सह्या करून बाकावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला.

"तुम्हीच ना त्या मराठी डॉक्टर? फार कौतुक करत होते तुमचं. ऑपरेशननंतर सिस्टर पाणी घेऊन आली, तर तिला म्हणाले, 'हमारी डॉक्टर आएगी, वही देगी.' मी रागावले सुद्धा. पण सारखे दाराकडे बघत होते. संध्याकाळी म्हणाले, 'तिला काम असेल गं. चल, तूच दे.'"

त्या दुपारी मी त्याच मजल्यावर होते. दोनदा चहा प्यायले होते.