बिनआगीचा मांत्रिक

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला सांगितलंत की तुमचा मांत्रिक बेचाळिसाव्या लेव्हलला पोचला आहे, आणि मग आपसात म्हणालात, "जाऊ दे, आजीला नाही कळायचं." मी तेव्हा गप्प बसले, कारण परदेशातला फोन आणि नातवंडांचं अज्ञान या दोन्ही गोष्टी मी शांतपणे ऐकून घेते. पण आजीला कळतं. तुमच्या जन्माच्या आधी, भिलाई अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हा, एक मांत्रिक चौथ्या लेव्हलपासून एकोणिसाव्यापर्यंत वाढताना मी स्टुलावर बसून पाहिला आहे. मांडीवर डिक्शनरी घेऊन. ती हकिकत ठाऊक असलेली माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

"बाजूले व्हा, वहिनी."

एंटरचं बटण दाबण्याआधी आमचे शेजारी, ज्यांना मी भाऊ म्हणे, दर वेळी असं म्हणत. उजवा हात आडवा करून मला मागे सारत, डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत, आणि मग एका बोटाने बटण दाबत. पडद्यावर इंग्रजीत उमटे: तुम्ही उत्तरेला गेलात. बस्स, एवढंच. पण खबरदारी अशी, की जणू कॉम्प्युटरमधून वितळलेलं लोखंड बाहेर यायचं आहे.

ते आमच्या ओळीतल्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये राहत. मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. पोरवयात पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि भट्टीवरच फोरमन झाले. भट्टीसमोर आयुष्य काढलेला माणूस जसा दिसतो तसे दिसत, म्हणजे भुवया नसल्यासारख्या. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. त्यांच्या मुलाने इंजिनियरिंगला असताना विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्तातलं इंटरनेट घेतलं होतं, ज्यात चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. वर्षाला ठरावीक तास, संपले की बंद. त्या अक्षरांतच जगभरची माणसं मिळून एक खेळ खेळत. गुहा, राक्षस, तलवारवाले, मांत्रिक. तुमच्यासारखा झगमगाट नव्हता. डोळे मिटून कल्पना करावी लागे, जी तुमच्या पिढीला जड जाईल.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तास उरलेत. खेळायचं तर माझा मांत्रिक खेळा."

दुसरा कोणी असता तर खेळायला बसला असता. भाऊंनी आधी रीतसर चार्ज, म्हणजे ताबा, घेतला. मुलाला ट्रंककॉलसारखं ओरडून फोनवर विचारलं, मांत्रिकाकडे सामान काय काय आहे? काठी एक, झगा एक, औषधाच्या बाटल्या तीन. ते सगळं वहीत उतरवलं. 'चार्ज देणार' पुढे सही केली आणि 'चार्ज घेणार' पुढेही स्वतःच सही केली.

दोन दिवसांनी माझ्या दारात उभे. हातात चिठ्ठी.

"वहिनी, हे क्वॅगमायर म्हंजे का?"

"दलदल."

"मंग दलदल लिहाले काय झालं त्याइले?"

मी ओळीतली एकुलती एक इंग्रजीची एम.ए. माझ्या पदवीचा भिलाईत तोवर झालेला उपयोग म्हणजे लग्नपत्रिका तपासणे. दोन दिवसांत सात चिठ्ठ्या आल्यावर मी डिक्शनरी उचलून त्यांच्याकडेच जाऊन बसले. तुमचे आजोबा म्हणाले, "चला, विद्यापीठाचा पैसा वसूल झाला." मी लक्ष दिलं नाही.

आमची वेळ सकाळची. त्यांची दुपारपाळी असली की आम्ही सहा वाजता बसत असू. तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असे आणि खेळात गर्दी असे.

पहिला तंटा हेल्मेटवरून झाला. मांत्रिकाला शिरस्त्राण चालत नाही, असा त्या खेळाचा नियम. भाऊंनी खेळातल्या बाजारातून शिरस्त्राण घेतलं आणि घालायचा हुकूम टाईप केला. खेळाने नकार दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाईप केला. पुन्हा नकार. असं महिनाभर चाललं.

"भाऊ, तो नाही म्हणतोय ना? मांत्रिक आहे तो. टोपीच घालतात मांत्रिक."

"टोपीनं डोकं वाचते का? बिना हेल्मेट आत जाऊ देनारा सुपरवायझर कोन हाये, त्याले विचारा तुमी इंग्लिशमदे."

मी विचारलं नाही. माझीही काही प्रतिष्ठा होती.

पाचव्या लेव्हलला मांत्रिकाने आपली विद्या निवडायची असते. तुम्हाला हे सांगायला नको. आग, बर्फ, विष, वीज. खेळातले सगळे अनुभवी लोक एकमुखाने सांगत होते, आग घे. आगीने राक्षस पटापट मरतात, पॉइंट मिळतात, लेव्हल वाढते. मी ते सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बर्फ घेतला.

"अहो, पण आग का नाही?"

"अडतीस वरस आगच पाहून राहिलो ना, वहिनी. आता घरी येऊन बी आगच?"

बर्फाने राक्षस मरत नाहीत, गारठतात. गारठलेल्या राक्षसाचे पॉइंट मिळत नाहीत. म्हणजे आमचा मांत्रिक असा, की ज्याच्या हातून कोणी मरत नाही आणि ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही म्हणून तो अर्ध्या गुहांत जात नाही. दहावीतली पोरं एका सकाळी जी लेव्हल गाठत तिला आम्हाला पाच आठवडे लागत. तुमचे आजोबा म्हणाले, "प्लांटमध्ये पण त्याचं प्रमोशन असंच झालं होतं."

पॉइंट मिळवायचा एकच मार्ग उरला. त्या जगात उकळत्या लाव्ह्याची एक नदी होती आणि तिच्यावर दगडी पूल. नवखे लोक पूल ओलांडताना होरपळून मरत. भाऊ पुलावर बर्फाची भिंत उभी करून नवख्यांना पलीकडे नेऊन सोडत. माणशी दोन पॉइंट. नदीचं वर्णन मी पहिल्यांदा वाचून दाखवलं, 'लालबुंद लाव्हा', तेव्हा ते हसायला लागले.

"लाल म्हंजे थंड झाला तो. पांढरा पायजे. ज्यानं लिवलं त्यानं भट्टी पायली नाई कधी."

आता मुद्द्याचं. हे सगळं ते कशासाठी करत होते? त्या खेळात विसाव्या लेव्हलला पोचलं की तुम्हाला एक खोली बांधायचा हक्क मिळे. स्वतः वर्णन लिहायचं, आणि ती खोली त्या जगात कायमची. एवढं एक त्यांना हवं होतं. इकडे निवृत्ती झाली की क्वार्टर सोडावं लागणार होतं. त्यांनी भिलाईलगतच्या कोहक्याला प्लॉट घेऊन घर सुरू केलं होतं. पण आम्ही बसलो असताना तिकडचा मिस्त्री आला तर त्याला ओट्यावर थांबवून ठेवलं जाई. त्यांची बायको स्वयंपाकघरातून ऐकवी, "तिकडे हवेत खोली बांधून राहिले, इकडे कोहक्याच्या घराले खिडक्या नाई लागल्या अजून!"

"लागतीन ना."

"कवा? थंडी गेल्यावर?"

अठराव्या लेव्हलला त्यांनी मला खोलीचं वर्णन इंग्रजीत करायला लावलं. मी वही उघडली. मला वाटलं, मनोरा सांगतील, सिंहासन सांगतील.

"एक खोली. पूर्वेले खिडकी. खाट एक. माठ भरून ठेवला हाये. दाराले नंबर नाई. भोंगा ऐकू येत नाई. जो येईन त्यानं झोपावं."

"आणि राक्षस? प्रत्येक खोलीत काहीतरी शत्रू लागतो, भाऊ. नियम आहे."

"मंग एक मच्छर ठेवा."

मी ठेवला. दोन पानं झाली. माझ्या इंग्रजीतलं एवढं कमी शब्दांचं लिखाण दुसरं नाही.

फेब्रुवारी संपताना आम्ही एकोणिसाव्या लेव्हलला होतो आणि विसाव्याला थोडेच पॉइंट कमी होते. इंटरनेटचे तास मात्र संपत आले होते. अशात त्या जगात एक मोहीम ठरली. पुलाखालच्या भुयारात मोठा नाग होता. नऊ जण खाली जाऊन त्याला मारणार, आणि मारताना जो जो हजर त्याला भरपूर पॉइंट. लाव्हा भुयारात शिरू नये म्हणून पुलावर कोणीतरी बर्फाची भिंत धरायची होती. अशी भिंत धरायला जगात एकच मांत्रिक होता. बाकी सगळे आगवाले.

ठरलं असं, की नाग अर्धमेला झाला की खालून एक जण वर येऊन पूल सांभाळेल, भाऊ खाली जातील, आणि शेवटचा घाव पडताना हजर राहतील. एक बाई होती त्यांच्यात, दूर कॅनडाची, तलवारवाली. तिने लिहिलं होतं, मी स्वतः तुमच्या जागी माणूस पाठवते.

त्या सकाळी घड्याळाप्रमाणे आमच्याकडे चाळीस मिनिटं उरली होती. नऊ जण खाली गेले. भाऊंनी मला बाजूला सारलं, भिंत धरली. वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली. मग पडद्यावर खालून निरोप आला: नाग पडतोय, कोणी वर येऊ शकत नाही, तूच ये, लवकर ये!

"भाऊ, बोलावताहेत. जा."

"रिलीव्हर कुठी हाये?"

"नाही येऊ शकत म्हणताहेत. तुम्ही खाली जा, दोन पायऱ्या आहेत. विसावी लेव्हल मिळते आहे."

त्यांनी एका बोटाने टाईप केलं: रिलीव्हर? प्लांटमध्ये पाळी सोडवायला येणाऱ्याला असं म्हणतात, खालून कोणाला ते कळलं नाही. पुन्हा निरोप आला, ये, ये.

मी चिडले. खरंच चिडले. वर्षभर सकाळी सहाला येऊन मी दलदल, कवटी आणि अंधारकोठडी यांचे अर्थ सांगितले होते. "अहो, खेळ आहे हा! खोटी नदी, खोटा पूल!"

"नदी खोटी असन. खाली गेलेली मानसं तं खरी हायेत ना?" पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाई. भिंत सोडली तं नऊच्या नऊ जातीन. नौकरीत एकदा बी नाई सोडली, वहिनी. आता शेवटी सोडू?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यांची बायको दारात येऊन उभी होती. ती पडद्याकडे पाहत नव्हती, त्यांच्याकडे पाहत होती.

मग पडदा थांबला. एक ओळ अर्धी उमटली आणि तशीच राहिली. तास संपले होते.

त्यांनी बटणावरून बोट न काढताच विचारलं, "वर आले असतीन का ते?"

महिन्याभरात ते निवृत्त झाले. हार, शाल, स्टीलचा डबा. क्वार्टर सोडून कोहक्याला गेले. तिथे फोन नव्हता, अर्ज देऊन ठेवला होता. कधी हुडको वसाहतीच्या बाजारात भेटत. घराची चौकशी मी करायची, खिडक्या लागल्या का विचारायचं, आणि त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणायचं, "वहिनी, वर आले असतीन का?" लेव्हल गेली, खोली गेली, त्याबद्दल अक्षर नाही. ते अक्षर मीच घरी तुमच्या आजोबांना रोज ऐकवत होते.

उन्हाळ्यात मुलगा रजेवर आला तो एक छापलेलं पत्र घेऊन. खेळात ई-मेलचा पत्ता त्याचा होता, म्हणून त्याला आलेलं. मला कोहक्याला बोलावून घेतलं. ओसरीवर बसून मी वाचलं. कॅनडाच्या बाईचं होतं. तिने लिहिलं होतं, जोडणी तुटली तरी मांत्रिक काही वेळ जागेवर तसाच उभा राहतो, आणि त्याची भिंतही. आम्ही वर आलो, तेव्हा तो उभा होता. आम्ही हाका मारल्या. उत्तर दिलं नाही, म्हणून वाटलं रागावलाय.

"किती वर आले?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ, भाऊ."

ते उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. बायको म्हणाली, "राहू द्या. येतीन." मग चहा घेऊन तेच बाहेर आले. त्या माणसाने केलेला चहा मी तेवढा एकदाच प्यायले. वाईट होता.

पत्रात शेवटी एक प्रश्न होता. त्या सकाळी ती बाई विसाव्या लेव्हलला पोचली होती. तिला एक खोली बांधायची होती. तुमच्या मांत्रिकाच्या मनात कोणती खोली होती, असं तिने विचारलं होतं. मी दोन पानांची स्वच्छ नक्कल करून मुलाबरोबर दिली. तिने उलट विचारलं, हा डास चुकून आला आहे का? मी कळवलं, भिलाईत डास चुकून येत नाहीत.

पुढे आपलं मध्य प्रदेशाचं छत्तीसगड झालं. कोहक्याला फोन आला, खिडक्याही लागल्या. पण त्यांनी पुन्हा तो खेळ उघडला नाही. "चार्ज देला ना," म्हणत. काही वर्षांनी एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मी गेले तेव्हा पूर्वेची खिडकी उघडी होती आणि त्यांच्या बायकोने कोणालाही ती लावू दिली नाही.

गेल्या मंगळवारी तुमच्या मामाला बसवून मी तो खेळ शोधून काढला. मोजकी म्हातारी माणसं अजून तो चालवतात. पूल ओलांडून डाव्या हाताला खोली आहे. खाट आहे, दाराला नंबर नाही, माठ भरलेला आहे. अर्थात तो नेहमीच भरलेला असणार, मीच तसं लिहिलं आहे. आम्ही गेलो तेव्हा खाटेवर कोणीतरी अनोळखी झोपलेलं होतं.