सुमनकाकींची जाड-बारीक दारू

सुमनकाकी गिऱ्हाइकाला कधी 'या' म्हणत नसत. माणूस ठासणीची बंदूक घेऊन दुकानात शिरला की त्या म्हणायच्या, "तोंड भिंतीकडे कर." मग नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यायच्या आणि आपली करंगळी आत सारायच्या. नळी आतून किती रुंद आहे हे कळल्याशिवाय त्यांनी कोणाला बंदुकीची काळी दारू विकली नाही. फक्त एकदा विकली.

पालघरच्या बाजारात त्यांचं परवान्याचं दुकान आणि माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान एकाच भिंतीला लागून होतं. त्यामुळे त्यांची बोलणी मला रोज फुकट ऐकायला मिळत. नवरा वारल्यावर परवाना आपल्या नावावर करायला त्या कचेरीत गेल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं होतं, "बाई, तुम्हाला हे झेपेल का?" काकी म्हणाल्या, "ह्यांना झेपत होतं का, हे विचारायला कोणी आलं नव्हतं."

त्यांच्याकडे दारू तीन प्रकारची असे: साबुदाण्याएवढी जाड, मोहरीसारखी मधली आणि रव्यासारखी बारीक. बारीक दाणा एकदम भडकतो, जाड दाणा जरा दमाने जळतो. नळी पाहून दाणा द्यायचा, एवढाच त्यांचा धंदा. पण गिऱ्हाइकाला तो धंदा आपल्यालाच जास्त कळतो असं वाटे, आणि मग काकींची जीभ सुटे.

मागच्या एका पावसाळ्याच्या शेवटी बोईसरचे एक ठेकेदार आले. सफाळ्याकडे त्यांनी नुकतीच वाडी घेतली होती. आजोबांची बंदूक पॉलिश करून आणली होती आणि दसऱ्याला पाहुण्यांसमोर बार काढायचा होता.

"सगळ्यात बारीक द्या," ते म्हणाले. "मी मोबाइलवर बघितलंय. बारीकला पावर जास्त."

"पावर पाहिजे तर तारापूरला जा. तिथे वीज तयार होते," काकी म्हणाल्या. "ह्या नळीत माझा अंगठा जातो. हिच्यात रवा भरून ठासलात तर भडका आधी होईल आणि ठासलेलं बाहेर पडायला सवड मिळणार नाही. नळी फुटेल. पाहुणे खूश होतील, पण तुमचा गाल राहणार नाही."

ठेकेदारांनी बराच वाद घातला, ओळखीच्या मोठ्या माणसांची नावं घेतली आणि शेवटी जाड दारू घेऊन तणतणत गेले. काकी त्यांच्या गाडीकडे बघत पुटपुटत राहिल्या.

नेमका त्याच वेळी देवू आला. डोंगराकडच्या पाड्यावर त्याची पावसाच्या पाण्यावरची थोडी भातशेती. बाप उन्हाळ्यात वारला, बंदूक त्याच्या नावावर झाली. भात पोटरीत आलं होतं आणि रानडुकरं शेतात उतरत होती. हवेत बार काढून ती पळवायची, एवढंच त्याचं काम.

"बाय, बारीक दे," तो म्हणाला.

"तुलाही शेटची हवा लागली? जाडच ने."

"बाबा बारीकच घालीत व्हता."

"बाबाची अक्कल बाबाबरोबर गेली."

बंदूक बाहेरून चांगली जाडजूड होती. काकींनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. देवू जाड दाण्याचा पुडा घेऊन गेला.

भात कापायच्या आधी तो परत आला आणि बंदूक भिंतीकडे तोंड करून ठेवली. "बाय, बार फुसका जातो. डुकरं हालत नाय. काल एक उलटं फिरला. बायकोची पोटरी फाडली."

काकींनी गज घातला, मग करंगळी. करंगळी आत जाईना. नळीचा पत्रा जाड होता, भोक मात्र अरुंद होतं. अशा नळीत जाड दाणा धड जळत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? 

त्यांनी बारीक दारू काढून दिली, शटर ओढलं आणि मला म्हणाल्या, "तुझी स्कूटर काढ."

पाड्यावर देवूची बायको रखमी ओटीवर पाय लांब करून बसली होती. पोटरीला टाके होते. काकी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"तुझा सासरा बरोबर होता. मी नळी बघितली नाही," त्या म्हणाल्या.

रखमीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आमाला बघून कोण देतो, बाय? सरकारी बियाणं असू दे, दवाखान्याची गोली असू दे. तुमी पण तशाच."

काकींच्या तोंडावर असं बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता फटकारतील. त्यांनी मान खाली घातली. "त्या दिवशी तशीच होते," म्हणाल्या. टाके निघेपर्यंत त्या रखमीला दवाखान्यात न्यायला जात राहिल्या, आणि दर वेळी तिथल्या कंपाउंडरशी भांडल्या.

या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी त्यांनी परवाना आपण होऊन परत केला. "माणूस ठेवा आणि चालवा," असं पुष्कळांनी सुचवलं. "माणूस ठेवला की तो बंदुकीऐवजी गिऱ्हाइकाच्या कपड्यांकडे बघणार," त्या म्हणाल्या. "देवूच्या वेळी मीच तसं बघितलं, तर दुसऱ्याचं काय सांगू."

मुलगी त्यांना नाशिकला न्यायला आली, त्या दिवशी देवू आणि रखमी नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली.

काकींनी मूठभर तांदूळ हातात घेऊन चाचपला. "नवा आहे. भात गिचका होईल," त्या कुरकुरल्या आणि पिशवी गाडीत आपल्या पायाशी ठेवून घेतली. मग रखमीला म्हणाल्या, "जरा चालून दाखव."

रखमी दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

"लंगडतेस अजून."

"थंडीत लंगडते. एरवी नाय."

काकींना चालणं दिसलं नसणार. त्यांनी फक्त पावलांचा आवाज ऐकला होता. मुलीने गाडीचं दार लावून घेतलं, तरी त्या काचेतून अंदाजाने रखमीच्याच दिशेला बघत होत्या.