दिलपसंदवरचं चक्र

मी विहाराच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले, "पौर्णिमेचा नाष्टा माझ्याकडे. काकू, यावेळी उपमा करू नका, आराम करा."

आमचं बुद्धविहार हैदराबादेत, कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, दोन खोल्यांचं. दर पौर्णिमेला सकाळी वंदना होते, मग सगळे मिळून नाष्टा. मला कळतं तेव्हापासून तो उपमा एकच काकू करतात, परभणीकडच्या. त्यांनी उत्तर दिलं, "हौ. बघू."

मला काही टेन्शन नव्हतं. दिलपसंद मला येतो, आणि चांगला येतो. हैदराबादच्या बाहेरच्यांसाठी सांगते, ताटलीएवढी गोल चकती असते, खारीसारखी पापुद्र्यांची, आत खोबऱ्याचं गोड सारण, आणि तिकोनी तुकडे करून खायची. बेकरीवाले टूटीफ्रूटी घालतात, मी नाही घालत. बेगम बाजारातून खोबरं आणलं, खमंग भाजलं, त्यात गूळ, वेलची, खसखस, आई करंजीत घालते तसंच. मैदा लाटायचा, लोणी लावायचं, घडी घालायची, फ्रिजमध्ये ठेवायचं, परत लाटायचं, आदल्या दिवशी सकाळपासून हेच चाललं होतं. ओव्हन इतका छोटा की एका वेळी एकच चकती मावते. पहिली करपली, ती आम्ही घरीच खाल्ली. बाकीच्या सहा एकदम मस्त.

आणि त्या सहांवर, ओव्हनमध्ये घालायच्या आधी, मी सुरीच्या टोकानं धम्मचक्र काढलं होतं. मधे छोटा गोल, बाहेर मोठा गोल, आठ आरे. तुकडेही आठच करायचे, म्हणजे आऱ्यांवरून बरोबर कापता येईल, असं माझं डोकं. वरून दूध लावलं होतं, त्यामुळे भाजल्यावर आरे असे तांबूस उठून आले की मी पाच मिनिटं फोटोच काढत होते. ग्रुपवर हार्टवर हार्ट.

सकाळी वंदना झाली, पंचशील झालं, सगळे चटयांवर गोल करून बसले. चाळीसेक माणसं. मी ताटं मांडली आणि सुरी हातात घेतली.

वंदना सांगणारे काका रेल्वेतून रिटायर झालेत, एकदम शांत माणूस. ते म्हणाले, "थांब बेटा. त्याच्यावर सुरी चालवणार तू?"

"हो काका, बरोबर आठ तुकडे होतात."

"अगं, चक्र आहे ते."

मी तशीच थांबले. खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उलटं करून काप," कुणीतरी म्हणालं.

"चक्र उलटं करायचं? ते तर अजून वाईट."

"मग समोर ठेवून देऊ, मूर्तीपाशी. छान दिसेल."

छान दिसेल. चहा निवत होता, लहान पोरं ताटाकडे टक लावून बसली होती, आणि खायला दुसरं काहीच नव्हतं, कारण उपमा मीच बंद केला होता. चाळीस माणसं माझ्यामुळे उपाशी घरी जाणार, आणि माझे दिलपसंद शोपीस होणार.

काकू म्हणाल्या, "उपमा असता तर आतापर्यंत भांडं घासून झालं असतं."

सगळे हसले. मी नाही. पण काकू उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि एक ताट स्वतःकडे ओढलं.

"भाऊ," त्या काकांना म्हणाल्या, "माझी आई कागदासारखी भाकरी थापायची. पण वरच्या आळीतल्या कुणी तिच्या हातचा घास कधी खाल्ला नाही. त्यांचं एखादं पोरगं आमच्या दारात येऊन बसलं, तर त्याची आई ओढत घेऊन जायची. या पोरीनं दिवसभर राबून केलंय, ताट समोर आहे, आणि आज आपणच हात लावत नाही?"



"सुरी ठेव तिकडं," काकू मला म्हणाल्या आणि त्यांनी हातानंच तुकडा मोडला, बरोबर आऱ्यावरून. कुरकुरीत आवाज झाला. तो तुकडा त्यांनी काकांपुढे धरला. काकांनी क्षणभर बघितलं, मग दोन्ही हातांनी घेतला आणि हळूहळू सगळा खाल्ला.

"खोबरं छान भाजलंय," ते म्हणाले.

मग सगळ्या ताटांत हात गेले. दहा मिनिटांत फक्त पापुद्रे उरले.

"गोड जास्त झालंय," काकू म्हणाल्या. "नाष्टा आहे का लग्न?" आणि दुसरा तुकडा उचलला.

आता पौर्णिमेला काकूंचा उपमा असतो आणि माझा दिलपसंद. वर मी काही काढत नाही, नुसते काट्याचे टोचे मारते. तरी काका घ्यायच्या आधी एकदा वाकून नीट बघतात. मग हात पुढे करतात.