बाहेर जाऊन ये

अप्पा डॉक्टर पेशंटला तपासून झालं की लगेच औषध लिहून देत नसत. "जा, बाहेर जाऊन ये," म्हणायचे. मग पेशंटने दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या, रस्ता ओलांडायचा, समोरच्या पिठाच्या गिरणीला हात लावून परत यायचं आणि सांगायचं, दम लागला का, चक्कर आली का, छातीत भरून आलं का. नवखा माणूस वैतागायचा. आधीच पाय ओढत आलोय आणि हा म्हातारा गिरणीला पाठवतोय! त्यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं असे. "माझ्यासमोर खुर्चीत बसल्यावर समद्यालाच बरं वाटतंय. तुला जगायचंय बाहेर."

गंगाखेडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण अप्पांची ओळख त्याच्या आधीची. लहानपणी मीही त्या गिरणीला हात लावून आलेलो आहे. पांढरा सदरा, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. काही अवघड विचार चालला असला की त्यांचा हात नकळत त्या डबीवर जायचा. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत, खाली दवाखाना आणि वर घर. स्वभावाने प्रेमळ होते, पण हट्टी असे की देव आठवावा.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट पेशंटच्या कागदांचा. वर्षानुवर्षांचे ईसीजी आणि रिपोर्ट त्यांनी स्कॅन करून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. आमचे पेशंट परभणीला, नांदेडला जातात आणि जुना कागद नेमका घरी विसरतात, म्हणून तो कॉम्प्युटर मोबाइलवरून कुठूनही बघता यावा, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "अप्पा, इंटरनेटवर जागा मिळते, तिथं टाकून देऊ. डोक्याला ताप नाही."

"दुसऱ्याच्या घरात कशाला? लोकांनी भरोसा माझ्यावर ठेवलाय. माझ्याच घरात राहू दे, अन् मला बाहेरून बघता येऊ दे."

मी कामाला लागलो. त्यांच्याच कॉम्प्युटरच्या पोटात एक वेगळा कॉम्प्युटर तयार केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. यंत्र एकच, पण आतला आपला कारभार स्वतंत्र बघतो. पेशंटचे कागद त्या आतल्यात ठेवले. अप्पांना हे चटकन पटलं. "एका घरात दोन चुली म्हण की. एकीचा धूर दुसरीला लागू देऊ नको म्हणजे झालं."

घोडं अडलं ते बाहेर. आतल्या मशीनला घरापुरता पत्ता असतो, बाहेरच्या जगाला तो ठाऊक नसतो. बाहेरून येणारा आधी राउटरशी येतो, म्हणजे घराच्या फाटकाशी, आणि त्याला कोणत्या खोलीत पाठवायचं हे फाटकाला सांगून ठेवावं लागतं. मला घाई होती. मी फाटक सरळ सताड उघडलं आणि सगळं आतल्या मशीनकडे वळवलं. आधी दिसू तर दे, कुलपं मग लावू, असा माझा हिशेब. चहा पिऊन होईस्तोवर पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. कुठकुठल्या देशांतून अनोळखी पत्ते येत होते आणि पासवर्ड लावून बघत होते. अप्पांनी चष्मा पुढे ओढला.

"हे कोण रे कडी वाजवायलेत?"

"कोणी नाही अप्पा. दिवसभर दारं चाचपत फिरणारी यंत्रं असतात."

ते उठले आणि राउटरची वायरच उपटून टाकली. चेहरा पांढराफटक पडला होता. "लोकं बायकोला सांगत न्हाईत ते मला सांगतात, संतोष. त्यांचं दुखणं चव्हाट्यावर मांडायला निघालास व्हय?" मला राग आला, कारण ते बरोबर होते. मग एकच दार ठेवलं, त्याला पासवर्डऐवजी किल्ली केली, आणि ती किल्ली फक्त दोन मोबाइलमध्ये घातली, त्यांच्या आणि माझ्या.

सगळं जुळवून मी दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्या मोबाइलवर मशीन उघडून दाखवलं. "झालं अप्पा!"

"बाहेर जाऊन ये."

"अहो, दिसतंय ना!"

"घरात बसून घराची कडी वाजवायलास. घरातला आवाज घरात ऐकू येणारच की. पुलावर जा."

मोबाइल त्यांच्याच घरच्या वायफायवर होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गोदावरीच्या पुलावर गेलो. कठड्याशी उभं राहून बघतो तर गोल फिरतंय आणि उघडतच नाही. परत आलो. हे नवं दार करताना राउटरला मी मोठ्या कॉम्प्युटरचा पत्ता दिला होता, पोटातल्याचा नाही. तो बदलला आणि पुन्हा पुलावर गेलो. उघडलं! उड्या मारत आलो, तर अप्पांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

"आपल्याकडं लाइट जायलीच की. आता चालू करतो. जा, बाहेर जाऊन ये."

लाइट गेल्यावर राउटरने आतल्या मशीनला नवाच पत्ता वाटला होता, म्हणून दार भलत्याच खोलीत उघडत होतं. मी तो पत्ता कायमचा बांधून टाकला. लाइट आली की मोठं यंत्र आपोआप उठेल आणि मग त्यातलं धाकटं उठेल, अशी व्यवस्था केली. पुन्हा लाइट घालवली, पुन्हा पुलावर गेलो, तेव्हा कुठे उघडलं. पुलावरच्या भेळवाल्याला वाटलं असेल, या पोराचं घरात काहीतरी बिनसलंय. त्या आठवड्यात मी अप्पांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, छातीत दुखायला लागलं. घामाने सदरा चिंब झाला. अप्पांनी त्यांना एकदा बघितलं आणि या खेपेला कोणाला गिरणीला पाठवलं नाही. दवाखान्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला परभणीला घेऊन निघाले. वाटेत वारं सुटलं, धुळीने पुढचं दिसेना. अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

परभणीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी ईसीजी काढला आणि त्या थबकल्या. "यांचा जुना ईसीजी आहे का? हा बदल आधीपासूनचा असेल तर गोष्ट वेगळी. नवा असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आत्ताच द्यावं लागेल. पण यांना मागे रक्ताची उलटी झालीय म्हणता. उगाच दिलं तर जिवावर बेतेल."

जुना ईसीजी अप्पांच्या कॉम्प्युटरवर होता. घर बंद, किल्ली अप्पांच्या खिशात, आणि गंगाखेड तासाभराच्या वाटेवर.

मी मोबाइल काढला. गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग ओळ आली, संपर्क होऊ शकत नाही. अप्पांनी गिरणीवाल्याला फोन लावला.

"लाइट हाय का?"

"वाऱ्यानं गेली होती डॉक्टरसाहेब, ही बघा, आत्ताच आली."

म्हणजे राउटर जागा व्हायचा होता, मग मोठं यंत्र, मग त्याच्या पोटातलं धाकटं. पडद्याआड अण्णा कण्हत होते. मी पुन्हा दाबलं. नाही.

"आलं का?" अप्पांनी विचारलं.

"उठायलंय, अप्पा. पण उठलंच नाही तर?"

त्यांचा हात डबीवर होता. पण आवाज साधा होता. "आपण लाइट घालवून बघितलं होतं का न्हाई? तू पुलावर गेला होतास का न्हाई? मग उठतंय ते. दाब."

मी दाबलं. गोल फिरलं, थांबलं, आणि दार उघडलं. अण्णांचं नाव, त्याखाली जुना ईसीजी. अप्पांनी मोबाइल हातातून ओढून घेतला आणि दोन्ही ईसीजी बाईंपुढे धरले. "बघा. हे तवा न्हवतं. नवं हाय. आता थांबू नका."

इंजेक्शन दिलं. त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. अण्णांच्या कपाळावरचा घाम सुकला आणि त्यांनी पाणी मागितलं, एवढं आठवतं. मी अप्पांचे पाय धरायला वाकलो, तर म्हणाले, "माझे कशाला? जा, भेळवाल्याचे धर. किती सोसलं त्यानं तुला."

घरी आल्यावर अण्णा पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा अप्पांनी त्यांना गिरणीला हात लावून यायला सांगितलं. अण्णा हळूहळू गेले आणि आले. खुर्चीत बसलेला हा हट्टी माणूस तेव्हा डोळे पुसत होता.

मध्ये काही वर्षं गेली. अप्पा थकले, दवाखाना बंद केला. एकदा मला बोलावून म्हणाले, "मी गेल्यावर ज्याचा कागद त्याला देऊन टाक. मग दार लाव. उघडं ठेवून जाऊ नको."

ते गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. डोळे मिटलेला तो चेहरा एखाद्या पेशंटच्या परतण्याची वाट बघत असावा तसा होता. मला तिथे उभं राहवलं नाही.

पुढे मी लोकांचे कागद ज्याचे त्याला पोचवले. शेवटी अण्णांचा दिला. मग रिकाम्या दवाखान्यात बसून राउटरमधली दार उघडणारी ती एक ओळ पुसली, आतलं मशीन बंद केलं, आणि माझ्या मोबाइलवर बघितलं. उघडत नव्हतं. काम झालं होतं. उठून कुलूप लावलं आणि घराकडे निघालो, तेवढ्यात पाय थांबले. मोबाइल अजून त्यांच्याच वायफायवर होता.

पुलावर गेलो. कठड्याशी उभं राहून पत्ता टाकला. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि ओळ आली, संपर्क होऊ शकत नाही. अप्पांना हवं होतं तसंच घट्ट लागलं होतं दार. तरी मी पुन्हा एकदा दाबलं. मग मोबाइल खिशात टाकला आणि नदीकडे बघत म्हटलं, "अप्पा, बाहेर जाऊन आलो."