ज्वारीच्या दाण्याएवढी जागा

बेज्जूरच्या बाजारात गळ विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलाने पाठवलेलं मासेमारीचं नवं रीळ मी त्याच्याकडे दोरी भरायला नेलं होतं. दोरी ओल्या फडक्यातून ओढत त्याने घट्ट गुंडाळली आणि रिळाच्या काठाच्या जरा खाली थांबला.

"ज्वारीचा दाणा मावन येवढी जागा सोडली, काका. काठोकाठ भराल तं गुंता होते."

माझं धान्याचं दुकान होतं. शिगोशीग माप भरण्यात जन्म गेला, म्हणून मला ती लबाडी वाटली. घरी येऊन मी उरलेली दोरी काठापर्यंत भरली. पहिल्याच फेकीत गुंता झाला. त्यानेच रीळ बिघडवलं, असं मी बाजारभर सांगितलं आणि लोक त्याच्याकडे जाईनासे झाले.

परवा ते रीळ घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि काठोकाठ मीच भरलं होतं, हे भर बाजारात, चारचौघांसमोर सांगितलं. त्याने गुंता निरखून पाहिला.

"दुकानदारी सुटत नाई तुमची," तो हसला. गुंता कापून त्याने नवी दोरी पुढे केली. "आता तुमी भरा. मी पाह्यतो."

मी दाण्याएवढी जागा ठेवून थांबलो. मान वर केली, तर मागे एक जण आपलं रीळ घेऊन उभा होता.